पेटीत दुसरं कोणीतरी आहे

हे घडलंय. मी शपथा घेत बसणार नाही. पण यातलं शेवटचं थोडं माझ्या डोळ्यांदेखत घडलंय, म्हणून सांगते.

गेल्या महिन्यातला सोमवार. सकाळचे अकरा. बाहेर लख्ख ऊन. जागा, आमच्या काकूचं स्वयंपाकघर.

माझा धाकटा भाऊ तिथल्या टेबलावर लॅपटॉप मांडून बसला होता. तो प्रोग्रामर आहे. घरात त्याला सगळे खटपट्या म्हणतात. वस्तू बाजारात तयार मिळत असली तरी हा ती घरी बनवणार, आणि बनवताना जगाला शिव्या घालणार.

काका जाऊन आठ महिने झाले होते. ते नकाशे काढायचे, समुद्रकिनाऱ्यांचे. चाळीस वर्षं एकाच कार्यालयात काढली. तिथल्या जुन्या मेल सर्व्हरवर त्यांची पेटी अजून होती, आणि तो सर्व्हर शुक्रवारी संध्याकाळी पाच वाजता कायमचा बंद होणार होता.

त्या पेटीत काकांच्या चिठ्ठ्या होत्या. घरातलं काही काम आठवलं की ते स्वतःलाच मेल पाठवायचे. काम झालं की ती चिठ्ठी पुसायचे. काम झाल्याशिवाय कधीच नाही.

"तेवढ्या काढून दे रे मला," काकू म्हणाली होती. "त्यांचं बोलणं आहे ते. दुसरं काय उरलंय माझ्याकडे?"

तयार प्रोग्राम त्या म्हाताऱ्या सर्व्हरशी बोलेनात. म्हणून खटपट्या स्वतःचा लिहायला बसला.

काम तसं साधं. प्रोग्रामने सर्व्हरला नाव सांगायचं, पासवर्ड सांगायचा, पत्रं किती ते विचारायचं आणि एकेक मागून घ्यायचं. शेवटी 'येतो' म्हणून निघायचं. पेटीत एका वेळी एकच जण. एक आत असेपर्यंत दुसऱ्याला दार बंद.

हे शेवटचं लक्षात ठेवा.

साडेअकराला जोडणी लागली. सर्व्हर म्हणाला, सात पत्रं. विषयांची यादी पडद्यावर आली. 'स्वयंपाकघरातला नळ गळतो.' 'मागच्या दाराच्या बिजागरीला तेल.' 'घड्याळ मागे पडतं.' 'हिच्या चष्म्याचा स्क्रू.' अशीच आणखी दोन बारीकसारीक कामं. शेवटची चिठ्ठी एका शब्दाची होती. 'समुद्र.'

खटपट्याने पहिलं पत्र मागितलं, आणि प्रोग्राम अडकला. पत्र कुठे संपतं हे त्याला ओळखताच येईना. संपलेल्या पत्राच्या पुढच्या ओळीची वाट बघत तो ढिम्म बसून राहिला.

मागे नळ चालू. टप... टप... टप...

"काकू, हा नळ माझा जीव घेणार आहे!"

"आठ महिने ऐकतेय मी," काकू म्हणाली. "तू तासाभरात कंटाळलास."

चूक सापडली. दुरुस्त केली. पुन्हा जोडणी लावली.

पडद्यावर एकच ओळ आली...

'पेटीत दुसरं कोणीतरी आहे. नंतर या.'

खटपट्याने कपाळावर हात मारला. आपलाच मघाचा अडकलेला प्रोग्राम अजून आत असणार. लॅपटॉप बंद केला, चालू केला. तीच ओळ. वीस मिनिटं थांबला. तीच ओळ. त्याची तळपायाची आग मस्तकात गेली.

चाळीस मिनिटांनी दार उघडलं.

सर्व्हर म्हणाला, सहा पत्रं.

खटपट्याने आकडा पुन्हा वाचला. पुसलं की काय मी? काकूला काय सांगू? त्याने आपला प्रोग्राम ओळ न् ओळ तपासला. पत्र पुसायची आज्ञा त्यात कुठेच नव्हती. ती त्याने अजून लिहिलीच नव्हती.

डोकं धरून तो तसाच बसला. मग हळूहळू त्याच्या लक्षात आलं...

नळ गप्प होता.

"बरं झालं बाबा, दुरुस्त केलास," काकू बाहेर येऊन म्हणाली. "देव तुझं भलं करो."

त्याने नळाला बोटही लावलं नव्हतं.

मंगळवारी तो पुन्हा आला. तीच ओळ, तीच वाट बघणं. दार उघडलं की जेमतेम मोजणी व्हायची, पत्र मागायच्या आत जोडणी तुटायची. सहाची पाच. पाचाची चार. प्रत्येक वेळी वाटायचं, आपणच कुठेतरी माती खाल्ली. दुपारी काकू अचानक खांद्यामागून म्हणाली, "चहा घे." हा खुर्चीतून पडायचाच बाकी होता.

"केवढं दचकवलंस! मागच्या दाराने आलीस का?"

"हो की."

ते दार करकरतं. म्हणजे सोमवारपर्यंत करकरत होतं...

खटपट्याने कार्यालयातल्या सर्व्हर सांभाळणाऱ्याला फोन लावला.

"अहो साहेब, त्या पेटीत दुसरं कोण शिरतंय? माझ्या नाकी नऊ आलेत."

"थांबा, बघतो," तो माणूस म्हणाला. किल्ल्या वाजल्या. कुलूप उघडलं.

"साहेब?"

"बाहेरचं कोणी नाहीये. इथूनच आत गेलंय, याच मशीनसमोर बसून." त्याचा आवाज बारीक झाला होता. "मी समोरच उभा आहे. खुर्ची रिकामी आहे."

बुधवारी सकाळी घड्याळ बरोबर वेळ दाखवत होतं. काकूचा चष्मा नाकावरून घसरत नव्हता. ती दोन बारीकसारीक कामंही उरकली होती.

पत्र राहिलं होतं एक.

आणि तेव्हाच, इतक्या खटपटीनंतर, प्रोग्राम नीट चालला. शेवटची चिठ्ठी अख्खी उतरली.

'समुद्र. आयुष्यभर किनारे काढले आणि हिला समुद्र दाखवला तो कागदावर. नुसतं म्हणत आलो. या खेपेला हिला न्यायचंच.'

खटपट्याने दोनदा वाचलं. सहा कामं झाली होती. हे सातवं.

आतल्या खोलीतून कपाट उघडल्याचा आवाज आला...

तो धावला. काकू पलंगावर बॅग उघडून साड्या भरत होती.

"कुठे निघालीस?"

"कोणास ठाऊक," काकू हसली. "सकाळपासून वाटतंय, बॅग भरून ठेवावी."

तो परत टेबलाशी आला आणि प्रोग्राममधली एक ओळ त्याने काढून टाकली. 'येतो' म्हणायची ओळ. आता प्रोग्राम पेटीतून निघणारच नव्हता. दर मिनिटाला सर्व्हरला सांगत राहणार होता, मी आत आहे. आणि एक आत असेपर्यंत दुसऱ्याला दार बंद.

मग त्याने मला फोन केला. इतका वेळ मी हे सगळं हसण्यावारी नेत होते. त्याचा आवाज ऐकून माझं हसू मावळलं.

"ताई, उद्या मीच नेतो तिला समुद्रावर. काम मी केलं की संपलं ना? तू फक्त लॅपटॉपपाशी बस. काही झालं तरी बंद होऊ देऊ नकोस."

गुरुवारी दुपारी एकला दोघं गाडीने निघाले. तीन तासांचा रस्ता. मी काकूच्या स्वयंपाकघरात एकटी. पडद्यावर दर मिनिटाला एक ओळ. मी आत आहे. ठीक. मी आत आहे. ठीक.

घरात कसलाच आवाज नव्हता. नळाचा नाही, दाराचा नाही.

चार वाजून दहा मिनिटांनी ओळ आली नाही...

जोडणी तुटली होती. त्याने शिकवल्याप्रमाणे मी पुन्हा लावली.

'पेटीत दुसरं कोणीतरी आहे. नंतर या.'

मी भावाला फोन लावला. उचलेना. पुन्हा लावला. पुन्हा. मी रडकुंडीला आले. काकूला पोहता येत नाही हो! पंचवीस मिनिटं मी एका हाताने फोन आणि एका हाताने तो मेला प्रोग्राम चालवत होते.

मग दार उघडलं.

सर्व्हर म्हणाला, शून्य पत्रं.

आठला गाडी दारात आली. काकू उतरली. धडधाकट. मी तिला मिठीच मारली. साडी गुडघ्यापर्यंत ओली होती आणि ती लहान मुलीसारखी हसत होती.

"दाखवला गं एकदाचा! हात धरून पाण्यात नेलं मला."

मी भावाकडे बघितलं. त्याचा चेहरा पांढराफटक.

"मी गाडी लावत होतो," तो हळूच म्हणाला. "आलो तेव्हा ती पाण्यात होती. एक हात असा बाजूला धरून."

शुक्रवारी दुपारी आम्ही दोघं मनाच्या समाधानासाठी पुन्हा बसलो. काम झालं, चिठ्ठी पुसली, शून्य आहे एवढंच बघायचं होतं. पण दीड तास 'दुसरं कोणीतरी' आत होतं. खटपट्या टेबलावर मुठी आपटत होता.

पाचला दोन मिनिटं कमी असताना दार उघडलं.

सर्व्हर म्हणाला, एक पत्र.

तारीख आजची.

"माग ते! लवकर माग!" मी ओरडले.

त्याने मागितलं. प्रोग्राम एकेक ओळ उतरवू लागला. पाठवणारा, काका. ज्याला पाठवलं तो, काका. मग विषय. 'आता हिला...'

आणि पाच वाजले. सर्व्हर बंद झाला.

त्या सर्व्हर सांभाळणाऱ्याला आम्ही किती फोन केले असतील. यंत्र मोडीत गेलं, आत काही उरलं नाही, असं तो म्हणतो. खटपट्या अजून त्या अर्ध्या ओळीसमोर बसतो आणि स्वतःला शिव्या घालतो. दोन मिनिटं आधी उघडलं असतं तर...

काकू ठणठणीत आहे. मी सध्या तिच्याकडेच राहायला आलेय. काल मी तिची बॅग उचलून माळ्यावर टाकायला निघाले.

"राहू दे गं तिथेच," काकू म्हणाली. "पुन्हा काढावी लागेल."