दुभाष्याचा चेहरा

फोटोतला एकच चेहरा कुणीतरी कापून नेला होता. बाकी सगळे जागच्या जागी बसलेले होते.

हेगमधल्या त्या लहानशा खासगी संग्रहालयात संजीव चौकटीसमोर उभा राहिला. तिराना, १९२६. टेबलाच्या एका बाजूला इटलीचे अधिकारी, दुसऱ्या बाजूला अल्बानियाचे मंत्री. मधोमध, जिथे दुभाष्याचं तोंड असायला हवं, तिथे नुसतं भोक आणि मागचा पिवळट पुठ्ठा.

"सोमवारी आम्ही बंद असतो," मालिनी म्हणाली. ती इथली क्युरेटर. "मंगळवारी सकाळी आले तर हे असं. कुलूप शाबूत. किल्ल्या चौघांकडेच आहेत, उत्तराताई. मी, विराज, अभिजित आणि डॉक्टर डोरा. फोटो दुसऱ्याच्या मालकीचा आहे, उसना आणलेला. पोलिसांत जाण्याआधी म्हटलं तुम्हाला विचारावं."

उत्तरा गायकवाड झूटरमेरला राहून खासगी तपासाची कामं घ्यायची. तिचा मामेभाऊ संजीव आइंडहोव्हनला चिप बनवणाऱ्या कंपनीत होता आणि सुट्टी मिळाली की तिच्यामागे यायचा.

"हा कसला करार?" संजीवनं विचारलं.

"नाव मैत्रीचं," मालिनी म्हणाली. "कागदावर दोघेही बरोबरीचे. पण अल्बानियात कुठे काही बिघडलं तर ढवळाढवळ करायला इटलीला निमित्त मिळालं. पुढे एकोणचाळीस साली इटलीचं सैन्यच उतरलं तिथे. अख्खं प्रदर्शन त्याच विषयावर आहे. दोन महायुद्धांच्या मधल्या काळात मोठ्या शेजाऱ्यांनी लहान शेजाऱ्यांशी केलेले करार."

फोटोखालची पाटी संजीवनं वाचली. 'दुभाषा इल्यास इटालियन दूताच्या तोंडाशी कान नेऊन बसला आहे. अल्बानियाचा पगारी नोकर की इटलीचा हस्तक?'

"ही पाटी कुणाची?" उत्तरानं विचारलं.

"माझी," मागून विराज म्हणाला. तो संशोधक, फोटो त्यानंच शोधून काढला होता. "बघा ना मॅडम, कसा वाकलाय तो. म्हणजे, वाकला होता. आपल्या मंत्र्यांकडे चक्क पाठ."

"चेहरा गेल्यानं तुझा पुरावा गेला?"

"छे! हाय-रिझोल्यूशन स्कॅन वेबसाइटवर आहे. कुणीही डाउनलोड करावा. उलट ही बातमी फुटली तर प्रदर्शनाला गर्दीच होईल." बोलून गेल्यावर त्याचे कान लाल झाले.

"दुसरा कुठला फोटो आहे इल्यासचा?"

"नाही. हा एकच."

चौकटी बसवणारा अभिजित वैतागलेलाच होता. त्याचं कॉन्ट्रॅक्ट पुढे वाढणार नव्हतं.

"माझ्यावर डाउट येणारच, माहितीये. पण मला सूड घ्यायचा असता तर आख्खा फोटो टराटरा फाडला असता. इथे बघा. स्क्रू सोडवले, काच काढली, कापलं, परत सगळं बसवलं. वर काच पुसूनही ठेवलीय. कड बघा कशी आहे. कात्रीची नाही ही, फार बारीक पातं होतं."

डॉक्टर डोरा फेरमेर खिडकीपाशी खुर्चीत बसल्या होत्या. वय सत्त्याऐंशी, पाठ ताठ. पूर्वी त्या इथल्याच वस्तीत हाउसआर्ट्स होत्या, घरोघरच्या डॉक्टर. निवृत्तीनंतर येणाऱ्यांना संग्रहालय दाखवायचं काम त्या हौसेनं करत. त्या इंग्रजीत सावकाश बोलत होत्या.

"कुणी केलं असेल मला ठाऊक नाही. पण पाटीवर लिहिलंय ते चूक आहे. तो माणूस कटबिट करत नव्हता. लहानपणी गोवरात उजवा कान गेला की माणूस असाच डावा कान पुढे करून बसतो."

"विराजला सांगितलंत हे?"

"त्यानं विचारलं नाही."

बाहेर आल्यावर संजीव म्हणाला, "काय नजर आहे बाईंची! फोटोवरून निदान!"

उत्तरानं मान हलवली, पण ती हसली नाही.

दुपारी तिनं सगळ्यांना त्याच दालनात बोलावलं. डोरांसमोर स्वतः खुर्ची ओढून बसली.

"पुरावा लपवायला कुणी हे केलं नाही. स्कॅन जगभर पसरलाय. पैशासाठी असतं, तर अख्खा फोटो गेला असता. विराजला बातमी हवी असती, तर त्यानं काच पुसून, स्क्रू आवळून ठेवले नसते. नासधूस जितकी दिसेल तितकी त्याला बरी. आणि रागानं कुणी इतक्या हळुवारपणे कापत नाही, संजीवदादा. ज्यानं कापलं त्याला तो चेहरा हवा होता. नुसता तो चेहरा."

"पण कशाला?" संजीवनं विचारलं.

"मान वाकडी दिसली म्हणून डॉक्टर ओळखतील, की एका कानानं ऐकू येत नसावं. पण कान लहानपणी गेला, आणि गोवरानं गेला, हे कुठल्या फोटोत दिसतं?"

उत्तरा डोरांकडे वळली.

"डॉक्टर," उत्तरा इंग्रजीत म्हणाली, "लग्नाआधी तुमचं नाव काय होतं?"

डोरांनी हात मांडीवर घट्ट धरले.

"द्रिता. द्रिता इल्यास." त्या पुढे सांगू लागल्या. "इटालियन आले त्या वर्षी आमच्याच गल्लीतल्या लोकांनी वडिलांना घरातून ओढून नेलं. हस्तक म्हणून. मी पाळण्यात होते. आईनं भीतीनं त्यांचे सगळे फोटो जाळले, मला घेऊन पळाली, इथे आल्यावर नाव बदललं. पण ती सांगायची, की रडले की ते मला डाव्या खांद्यावर घ्यायचे. तो कान चांगला होता ना." त्यांनी भिंतीकडे पाहिलं. "त्यांचा चेहरा मी आयुष्यात पहिल्यांदा इथे पाहिला. या पाटीच्या वर."

"अहो, मी प्रत काढून दिली असती," मालिनी म्हणाली.

"प्रत माझ्या घरी आली असती. ते मात्र इथेच लटकत राहिले असते."

विराज खाली मान घालून उभा होता. "म्हणजे ते निर्दोष होते. मी उगीचच..."

"ते मला माहीत नाही," डोरा म्हणाल्या. "आईलाही माहीत नव्हतं. कदाचित खरंच विकले गेले असतील. मला त्यांचा एक कान ठाऊक आहे, बाकी काही नाही."

विराजनं पुढे होऊन पाटी भिंतीवरून उतरवली. त्याला ती कुठे ठेवावी कळेना. शेवटी त्यानं ती पालथी करून जमिनीवर टेकवली.

"मला फोटोच्या मालकांना खरं सांगावं लागेल," मालिनी म्हणाली. "चेहरा मिळाला तर जोडता येईल."

डोरांनी पर्समधून चष्म्याची डबी काढली. आतल्या मऊ कापडात तो कागदाचा तुकडा होता, नखाएवढा. संजीवनं पाहिलं: दाट भुवया, बारीक मिशी, ऐकण्यासाठी ताणलेला, घाबरलेला एक तरुण.

"किती वर्षांचे होते तेव्हा?" डोरांनी विराजला विचारलं.

"एकतीस."

"एकतीस," त्या म्हणाल्या. "माझा नातू त्याहून मोठा आहे."

त्यांनी तुकड्यावरून एकदा बोट फिरवलं, आणि डबी मालिनीच्या हातात दिली.