राहू दे

"अहो, तो माझा पाय आहे."

तारांगणाच्या अंधारात मी त्याच्याशी बोललेलं हे पहिलं वाक्य. प्रोजेक्टर तपासायला आलेला माणूस थेट माझ्या पायावर उभा होता. सॉरी म्हणत तो मागे सरकला आणि माझी पाण्याची बाटली लवंडली.

त्याला मीच बोलावलं होतं, भांडायला. दोन वर्षं खपून मी घुमटावर आकाश फिरवणारा प्रोग्रॅम लिहिला होता. पहिला खेळ आज चार वाजता, आणि चित्र विसाव्या मिनिटाला अडखळून थिजत होतं. तसंच झालं तर तारांगणाचे साहेब जुनी फिल्म लावणार आणि माझं आकाश कायमचं बासनात. दोष प्रोजेक्टरचाच, असं मी सगळ्यांना ठणकावून सांगितलं होतं.

प्रोजेक्टर ठणठणीत निघाला. मग तो माझ्या शेजारी बसला आणि त्याने कॉम्प्युटरवरचा एक आकडा दाखवला. ग्राफिक्स कार्डाची मेमरी. ती नुसती चढत होती... उतरतच नव्हती, आणि विसाव्या मिनिटाला पार भरत होती.

"आकाश जरा फिरलं की तुम्ही नवं चित्र बनवता," तो हळूच म्हणाला. "मग जुनं कोणी धरून ठेवलंय?"

शोधलं, तर मीच. चाचणीसाठी जुनी चित्रं एका यादीत ठेवली होती, पुसू सावकाश म्हणून. यादीला नावही तसंच दिलेलं – 'राहू दे'. आई म्हणते ते खोटं नाही, माझ्या कपाटातून जुनी रिबीनसुद्धा सुटत नाही.

तो हसला नाही. पुसण्याआधी एकदा बघूया का, एवढंच त्याने विचारलं आणि सगळी चित्रं एकावर एक घुमटावर लावली.

मी मान वर केली. शेकडो आकाशं... प्रत्येकात तारे किंचित पुढे सरकलेले. त्यांच्या रेघा झाल्या होत्या, रेघांची वर्तुळं, ध्रुवाभोवती, थेट भिंतींपर्यंत. हे सगळं माझ्या चुकीत साठून राहिलं होतं. शेजारी पाहिलं, तर तोही तोंड उघडं टाकून वर बघत होता. मला तो तिथेच आवडला.

चित्रं साठवणारी ओळ मी प्रोग्रॅममधून काढून टाकली आणि चारचा खेळ झाला. विसावं मिनिट गेलं, चाळिसावं गेलं, आकडा जागचा हलला नाही. लोक बाहेर पडतानाही वरच बघत होते.

त्याने बॅग उचलली. "यादी रिकामी केलीत ना?"

"एक ठेवलंय. वर्तुळांचं."

"पण मेमरी –"

"एकाने काही अडत नाही."

"बरं... निघतो मग."

तो दाराकडे वळला.

"राहू दे," मी म्हणाले.

"काय?"

"निघणं."

त्याने बॅग खाली ठेवली... या वेळी माझा पाय वाचवून.