छतावरची रेघ

बादलीत फिरणारं मिक्सर एकाएकी थांबलं. शिडीने बटण दोनदा दाबलं, मग जरा रागाने तिसऱ्यांदा दाबलं. काही नाही. अर्धी पावडर पाण्यात भिजून बुडाली होती आणि अर्धी वर ढगासारखी तरंगत होती. असंच राहिलं तर गुठळ्या धरणार, आणि फवारणीच्या बंदुकीच्या तोंडात एक जरी गुठळी अडकली, की काम बोंबललंच.

शिडी हे काही तिचं खरं नाव नव्हे. स्टुलाशिवाय ती माळ्यावरचे डबे काढायला लागली तेव्हा आत्याने ते ठेवलं, आणि मग खरं नाव फक्त कागदपत्रांपुरतं उरलं.

ती तरातरा बाहेर आली. दवाखान्याच्या आतल्या बोळात एका उंच स्टुलावर फक्त दोन पाय उभे होते. बाकीचा माणूस छताच्या भोकात गेला होता.

"वीज कुणी घालवली?" तिने पायांना विचारलं.

"मी," वरून आवाज आला. "दहा मिनिटं थांबा."

"माझं मिश्रण थांबत नाही."

"आणि माझी वायर कुणाला सोडत नाही. झटका खाल्लाय कधी?"

"नाही."

"मी खाल्लाय. त्यापेक्षा मिश्रणाचं नुकसान परवडलं."

मग तो खाली वाकला. भुवयांवर धूळ, कानामागे टेस्टर. तिचा चेहरा इतक्या वर, इतक्या जवळ असेल असं त्याला वाटलं नसावं. तो जरा दचकलाच.

"तुम्ही... कशावर उभ्या आहात?"

"जमिनीवर," शिडी म्हणाली.

तो हसला. भोकातलं काम तसंच सोडून खाली उतरला आणि म्हणाला, "चला, हाताने ढवळू. चूक माझी आहे."

लाकडी पट्टीने दोघांनी आळीपाळीने ढवळलं. त्याने विचारलं, "पाणी आधी की पावडर आधी?" तिने सांगितलं, पाणी आधी, ते मापाने, पावडर त्यावर हळूहळू. मग पंधरा मिनिटं निवांत ठेवायचं, म्हणजे कणाकणात पाणी शिरतं. मग पुन्हा ढवळायचं. दाट दह्यासारखं झालं, की झालं.

"म्हणजे मध्ये पंधरा मिनिटं काही काम नसतं?"

"नसतं."

"छान आहे तुमचा धंदा," वायरमन म्हणाला आणि तिथेच उपड्या डब्यावर बसला.

हा सोमवार होता, आणि ते मिश्रण नुसतं पुठ्ठ्यावर नमुना काढून बघण्यापुरतं होतं.

दवाखाना दातांचा होता आणि अजून उघडायचा होता. आतल्या खोलीचं छत जिप्समच्या बोर्डांचं, आणि त्यावर पोताची, म्हणजे बारीक उठावदार ठिपक्यांची, फवारणी करण्याचं काम शिडीकडे आलं होतं – एकटीकडे, पहिल्यांदा. तीस वर्षं हे काम आत्याने केलं. आता तिचा खांदा वर जात नव्हता. कॉम्प्रेसर आणि बंदूक विकत घ्यायला दुसरा एक मिस्त्री तयारच बसला होता. आत्याने भाचीला स्पष्ट सांगितलं होतं, "शनिवारी डॉक्टरीणबाई छत बघतील. पसंत पडलं तर मशीन तुझं. नाही पडलं तर सोमवारी तो येऊन घेऊन जाईल. मी रडणार नाही, तूही रडू नकोस."

माल निवडतानाही आत्याने दुकानात परीक्षाच घेतली होती.

"छताला काय घेशील? दाण्यांची पावडर घे, बोर्डाचे उंचसखल सांधे झाकते."

"दाणे झडतात, आत्या. खाली माणूस आ वासून पडलेला असणार."

"बरं. मग तयार लेपाची बादली?"

"भिंतीला चालली असती. वर जड होईल. बारीक पावडर दे, संत्र्याच्या सालीसारखा पोत काढते. पण आधी प्रायमर. नाहीतर बोर्ड पाणी शोषणार एका चालीने आणि सांधे दुसऱ्या चालीने."

 आत्याने पिशवी उचलून काउंटरवर ठेवली. आत्याची शाबासकी अशीच असे.

मंगळवारी शिडीने भिंती आणि दात तपासायची मोठी खुर्ची प्लास्टिकने झाकली, छताला प्रायमर दिला. वायरमन छताच्या कडेकडेने दिव्यांची पट्टी बसवत होता. बुधवारी तो पुन्हा आला. एक जोड तपासायचा राहिला, म्हणाला.

बुधवारी फवारणी होती. आधी पुठ्ठ्यावर थोडं उडवून पाहिलं; ठिपके हवे तसे उठले. अर्धं छत झाल्यावर ती खाली उतरली, तेव्हा वायरमनने बाटली पुढे केली.

"पाणी प्या. इतका वेळ वर बघून मान दुखत नाही?"

"सवय आहे. तुमची?"

"माझी मान खालीच असते. चांगल्या घरचा आहे ना."

"चांगल्या घरची मुलं दुसऱ्यांची वीज घालवतात?"

"ओळख करून घ्यायला दुसरा काही मार्ग... सुचला नाही."

"म्हणजे मुद्दाम घालवली?"

"नाही हो. पण आता वाटतं, मुद्दाम घालवायला हवी होती."

शिडीने पाण्याचा घोट जरा जास्तच सावकाश घेतला. बोलता बोलता किती वेळ गेला, दोघांनाही कळलं नाही. ती उठली तेव्हा बादलीतलं मिश्रण घट्ट झालं होतं. तिने मगाने थोडं पाणी ओतलं. अंदाजाने. ढवळलं, बरं वाटलं, आणि उरलेलं छत फवारून टाकलं. पुठ्ठा काही पुन्हा घेतला नाही.

संध्याकाळी छत पांढरंशुभ्र, देखणं दिसत होतं.

"कडेचे दिवे लावून बघू?" वायरमन उत्साहाने म्हणाला.

"बघू की."

त्याने बटण दाबलं. छतालगत आडवा उजेड सरकत गेला, आणि... बरोबर मधोमध, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत, रेघ उमटली. अलीकडे उठावदार ठिपके, पलीकडे चपटे, पसरलेले. जणू दोन माणसांनी दोन छतं करून मध्ये चिकटवली होती.

शिडीने पाहिलं. आपण कुठे थांबलो होतो, किती वेळ थांबलो होतो, कशासाठी थांबलो होतो, सगळं वर लिहिलेलं होतं.

"दिवे जरा मंद लावतो," वायरमन घाईने म्हणाला. "पट्टी दोन बोटं खाली घेतली तर उजेड पडणारच नाही त्यावर. कुणाला काही..."

"खुर्चीत माणूस उताणा पडणार. अर्धा तास. तोंड उघडं, बोलता येत नाही, आणि बघायला छतच फक्त." ती अजून वरच बघत होती. "त्याला दिसेल. आणि मला तर न बघताही दिसेल."

त्याने बटण बंद केलं. मग म्हणाला, "मी बोलत बसलो म्हणून झालं."

"पाणी मी ओतलं. तुमचा काय संबंध?" तिने चिडून म्हटलं. चीड त्याच्यावर नव्हती, पण जवळ तोच उभा होता.

गुरुवारी सकाळी ती पाणी मारायचा पंप आणि खरवडायची रुंद पत्री घेऊन आली. अजून रंग लागला नव्हता. पाणी मारलं की पोत मऊ पडतो आणि खरवडता येतो. तिने पहिला हात मारला तोच दार वाजलं.

"एक बटण सैल आहे," वायरमन म्हणाला. बटणाकडे तो गेलाच नाही. कोपऱ्यातली दुसरी पत्री उचलली आणि स्टुलावर चढला. दुपारपर्यंत दोघांचे केस पांढरे झाले.

"म्हातारपणी अशा दिसाल तर," तो म्हणाला.

"आणि तुम्ही?"

"मी आत्ताच बरा दिसतो. तेव्हाची खात्री नाही."

तिला हसायचं नव्हतं. पण हसू आलं. उतरत्या उन्हात दोघांनी मिळून पुन्हा प्रायमर दिला.

शुक्रवारी तिने अट घातली. "आज शेवटचा ठिपका पडेपर्यंत एक शब्द नाही."

त्याने मान हलवली. तीही न बोलता.

पाणी तिने मापाने घेतलं. सगळ्या छताला पुरेल इतकं मिश्रण एकाच वेळी केलं, पंधरा मिनिटं ठेवलं, गाळून घेतलं, पुठ्ठ्यावर तीनदा पाहिलं. कॉम्प्रेसर घरघरू लागला. ती फवारत निघाली, तेव्हा तिच्या डावीकडून उजेडाचा एक आडवा पट्टा छतावर आला. वायरमनने हातदिवा लांब काठीला बांधला होता आणि तो छताला जवळजवळ टेकवून धरला होता. पडणारा प्रत्येक ठिपका आपली सावली घेऊनच पडत होता. जिथे दाट होईल तिथे ती हात लवकर हलवी, जिथे विरळ तिथे पुन्हा फिरे. ती सरकली की उजेड सरके. ती थांबली की थांबे. एकदा तिने मागे वळून पाहिलं. त्याचे हात भरून आले होते, पण उजेड हलत नव्हता... त्याने डोळ्यांनीच विचारलं, काय? तिने मान हलवली, काही नाही. आणि कानापर्यंत लाल झाली.

शनिवारी सकाळी डॉक्टरीणबाई आल्या. आत्याही आली, खांदा शालीत गुंडाळून. बाईंनी सगळे दिवे लावायला सांगितले, पायातल्या चपला काढल्या आणि सरळ आपल्या खुर्चीत आडव्या झाल्या.  शिडीने आपलीच बोटं एकमेकांत घट्ट धरली होती.

बऱ्याच वेळाने बाई म्हणाल्या, "शोधून दमले. डोळा अडकेल असं काही सापडत नाही. मला तर झोपच यायला लागली." मग मान वळवून आत्याला म्हणाल्या, "बाहेरच्या खोलीचंही हिच्याकडूनच करून घेते."

आत्या छताकडे बघत होती. "मिस्त्रीला कळवते, मशीन विकायचं नाही म्हणून," ती इतकंच म्हणाली. पण नाक शालीने पुसलं.

बाई खुर्चीतून उठल्या आणि दाराशी उभ्या असलेल्या वायरमनकडे त्यांचं लक्ष गेलं. "तुम्ही कसे इथे? तुमचं काम तर मंगळवारीच झालं. माझी सही घेऊन गेलात की."

वायरमनने टेस्टर या कानामागून त्या कानामागे ठेवला. आत्याने एकदा त्याच्याकडे, एकदा भाचीकडे पाहिलं आणि डॉक्टरीणबाईंचा हात धरला. "चला, ती बाहेरची खोली दाखवा मला. सावकाश दाखवा."

खोलीत दोघंच उरले.

"मंगळवारी?" शिडी म्हणाली.

"हो."

"आणि तो जोड? ते सैल बटण?"

"सगळं घट्ट होतं."

"मग बुधवारपासून काय करत होता?"

"बघत होतो."

"छत?"

त्याने कानामागचा टेस्टर काढून खिशात टाकला. "काल तुमच्याबरोबर पाहिलं तेवढंच. बाकी... नाही. छत नाही."

शिडीने खुर्चीवरचं उरलेलं प्लास्टिक ओढलं. दुसरं टोक त्याने धरलं. घडी घालत घालत दोघं जवळ आले, आणि शेवटच्या घडीला बोटांना बोटं लागली. ती कुणी मागे घेतली नाहीत.

"उद्या रविवार," ती हळूच म्हणाली. "इथे काही काम नाही, माझ्याकडेही नाही. तरी ये."