पाणलाव्याचं गवत

“ओ पाव्हणं, तो पाय खाली टेकवू नका.”

गोरक्ष हातात विळा घेऊन एका पायावर बगळ्यासारखा थांबला. येवल्याहून तो मामाकडं गवतकापणीला आला होता. गोदाकाठच्या त्या पाणथळीत, कमरेएवढ्या गवतातून एक पोरगी त्याच्याकडं रोखून बघत होती. तिचं नाव सगुणा, हे त्याला मागाहून कळलं.

“साप हाय का?”

“नाय. नीट बघा.”

चिखल, वाळकी पात... आणि त्या पातीतच एक डोळा, भोवती फिकट पिवळसर कडं. पाणलावा पक्षी अंड्यांवर बसला होता.

“बिचारी आई,” गोरक्ष म्हणाला.

सगुणा खुदकन हसली. “बाप हाय तो. बाई अंडी घालून जाते फिरायला. घर ह्योच सांभाळतो.”

“असलं कुठं असतंय?”

“आमच्या बांधाला असतंय.”

त्यानं तेवढा तुकडा सोडून गवत कापलं. “अर्धीच हजामत केलीस की रे,” मामा म्हणाला. गोरक्षनं विळा पुढं चालवला. पण रोज भाकरीच्या वेळी त्याचे पाय तिकडंच वळायचे.

“पाणलाव्याची खबर घ्याया आले वाटतं?”

“त्याचीच.”

“मग माझ्याकडं का बघता?”

“तो लवकर दिसत नाय ना...”

बाराव्या दिवशी मात्र ती हसली नाही. उद्या तिला बघायला नांदगावचे पाहुणे येणार होते. बाप नाही, आईची, कुसाबाईची, नजर गेलेली. आधीची दोन स्थळं सगुणानंच परत धाडली होती.

“जो येतो तो मला न्यायलाच येतो,” ती म्हणाली. “आईला कुणाच्या भरवशावर टाकू?”

गोरक्षची नजर घरट्याकडं गेली. घरजावयाची टिंगल येवल्यात त्यानंही पोटभर केली होती. इतक्यात पाणलावा जरासा हलला, आणि त्याच्या पोटाखालून एक ओलं पिल्लू डोकावलं.

“मी न्यायला नाय आलो,” तो अडखळत म्हणाला. “राहायलाच आलो... तर?”

“लोक हसतील.”

“हसू दे. ह्याचं काय बिघडलंय?”

सगुणानं पदराचं टोक दातात धरलं. मग म्हणाली, “आई उंबऱ्यावर बसलीय. तिला विचारा. आणि पाय जपून टाका — तीन अंडी अजून फुटायचीत.”

गोरक्ष निघाला, बगळ्यासारखा एकेक पाय उचलत. नांदगावकरांसाठी आणून ठेवलेले पोहे त्या संध्याकाळी त्यालाच मिळाले.