मधली जागा

संग्रहालयात चित्रांना चौकटी बसवणाऱ्या मिस्त्रींची बायको त्याच इमारतीत जुनी चित्रं दुरुस्त करायची. तिला जाऊन चार महिने झाले होते. तिच्या टेबलावर आता तिची धाकटी बहीण बसत होती आणि समोर तेच अर्धवट राहिलेलं चित्र होतं. आई, बाप, त्यांच्या पायाशी बसलेली तीन मुलं, आणि आई-बापांच्या मध्ये एक माणूस उभा राहील एवढी कोरी जागा.

रंग गेला असेल तिथं मिस्त्रींची बायको बारीक उभ्या रेघांनी भरायची. लांबून चित्र सलग दिसतं, जवळ गेलं की रेघा दिसतात. जुनं कुठलं आणि आपलं कुठलं, ते लपवायचं नाही. पाण्याचे रंग, ओल्या कापसानं पुसून टाकता येतात. ही मधली जागा मात्र तिनं सोडून दिली होती. "तिथं काय होतं ते कळल्याशिवाय मी मनचं काही भरणार नाही," म्हणायची.

एका दुपारी मेहुणीनं हाक मारली.

"भाऊजी, तुम्ही रंगाला हात लावलात?"

"मी? मला घरचं दार धड रंगवता आलं नाही. तुझ्या बहिणीनं जन्मभर ऐकवलं."

ती हसली नाही. मधल्या जागेत, अगदी खाली, बोटभर रेघा होत्या. मिस्त्रींनी चष्मा पुसला. प्रत्येक रेघ शेवटी किंचित डावीकडे वळलेली. बायकोचं मनगट दुखायचं, म्हणून.

"ताईच्याच आहेत," मेहुणी म्हणाली. "पण काल नव्हत्या."

रेघा रोज थोड्या वाढत गेल्या. खोलीला कुलूप असायचं, किल्ली मेहुणीकडे. चौकटीच्या कामाचं निमित्त काढून मिस्त्री जेवणाच्या सुट्टीत तिथं येऊन बसत. घरातले तिचे कपडे देऊन झाले होते, उशीचा वासही गेला होता. इथं तिचा हात अजून चालत होता.

दहाव्या दिवशी खांदा दिसू लागला. बापापेक्षा बराच उंच. मग एक हात, आईच्या मानेमागे गेलेला. बोटं जरा जास्तच लांब होती.

मेहुणीनं कोऱ्या जागेच्या कडा भिंगातून पाहिल्या. बराच वेळ पाहिल्या.

"भाऊजी, हा रंग आपोआप गेलेला नाही. कुणीतरी सुरीनं खरवडून काढलाय. चित्र नवं होतं तेव्हाच."

तिनं भिंग ठेवलं आणि कापूस ओला केला.

"आता तोंड तेवढं राहिलंय. मी सगळं पुसून टाकते."

"नको."

"ताईला आता कळलंय तिथं काय होतं. ती तेच भरतेय. असं बघू नका माझ्याकडे, मलाही ती हवीच आहे."

"पुसलंस तर माझ्याजवळ तिचं काय राहिलं?"

तिनं ओला कापूस त्यांच्या हातात ठेवला. "मग तुमचं तुम्ही ठरवा," म्हणाली आणि बाहेर गेली.

कापूस हातातच वाळला. जाण्याआधी त्यांनी चित्राला नवी चौकट चढवली आणि तिला सोनेरी रंगाचा शेवटचा हात दिला.

सकाळी तोंड पूर्ण झालं होतं. मिस्त्रींनी ते एकदा पाहिलं. पुन्हा पाहिलं नाही.

रेघा शेवटपर्यंत तिच्याच होत्या.

मग मुलांकडे लक्ष गेलं. ती आई-बापांच्या पायाशी नव्हती. चित्राच्या अगदी पुढे, काठाला चिकटून उभी होती. पाठ त्या माणसाकडे, तोंडं बाहेर.

कालच चढवलेल्या चौकटीच्या आतल्या कडेला, ओल्या सोनेरी रंगावर, बोटं उमटली होती.

लहान लहान. आतून धरलेली.