सिनर्जीवाला

"तुमचा सगळ्यात मोठा पेन पॉइंट कोणता?"

शहापूरच्या एसटी स्टँडवर डोळखांबच्या गाडीची वाट बघणाऱ्या नम्रतानं आधी मागं वळून पाहिलं. मागं फक्त शेंगदाणेवाला होता. म्हणजे प्रश्न तिलाच होता. विचारणारा सावळा, शिडशिडीत. इस्त्रीचा निळा शर्ट, गळ्यात लोंबणारं ओळखपत्र, हातात टॅब... नि डोळे असे, की उत्तर मिळालं नाही तर पोरगा इथंच रडेल.

"कंबर," नम्रता म्हणाली. "सकाळी उभ्यानं आले, आता उभ्यानंच जाणार."

"नाही, म्हणजे... ॲज अ रूरल स्टेकहोल्डर—"

"ते पण कंबरेतच दुखतं."

तो हसेल असं तिला वाटलं होतं. पण त्यानं मान खाली घालून ते टॅबवर टिपून घेतलं, अगदी मनापासून. नि मग, गाडी हलल्यावर, खिडकीतून तिला दिसलं, तो एकटाच उभा राहून हसत होता. उशिरा. मुलगा जरा उशिरानंच हसतो, हे तिच्या लक्षात राहिलं. का राहिलं, कोण जाणे.

पुढच्या आठवड्यात तो थेट तिच्या पाड्यावर हजर. नाव आदेश. हुद्दा विचारला तर म्हणाला, "कम्युनिटी एंगेजमेंट एव्हँजेलिस्ट." पाड्यावरच्या सकुबाईनं विचारलं, "म्हंजे लस टोचणारा का रे?"

नम्रता शहापूरच्या भातगिरणीत हिशेब लिहायची, बी. कॉम. झालेली. म्हणून पाड्यानं तिलाच पुढं केलं, हा काय बोलतो ते आम्हाला सांग. समाजमंदिरात बाया बसल्या. आदेशनं घसा साफ केला.

"आमचं 'सिनर्जीसेतू' हे एक हायपरलोकल, पीअर टू पीअर, लेबर एक्स्चेंज इकोसिस्टिम आहे. आपण ह्युमन बँडविड्थ अनलॉक करून, सीझनल डिमांडला एंड टू एंड लेव्हरेज करतो."

सगळ्या नम्रताकडं वळल्या. नम्रता छताकडं बघत राहिली. मग म्हणाली, "आज तू माझ्या शेतावर कामाला ये, उद्या मी तुझ्या शेतावर येते."

"सावड?" सकुबाई म्हणाली.

"सावड."

"ती तर आमची आजी पन करायची. मग हा काय सांगायला आलाय?"

"तेच. फोनवरून."

"शेजारीन बांधावर उभी असते गो. तिला फोन कशाला लावू?"

बाया खो खो हसल्या. आदेशचे कान लाल झाले. पण तो पळाला नाही, हे नम्रताला आवडलं. त्यानं टॅब मिटला, सकुबाईच्या हातचा गवती चहा प्यायला, नि पुन्हा येतो म्हणाला.

आला. पुन्हा आला. सर्व्हे संपला तरी येत राहिला. कधी ॲपचं निमित्त, कधी 'ग्राउंड रिॲलिटी'चं. बांधावरून गाडीपर्यंत सोडायला नम्रता जायची. भात पिवळं पडत होतं, वाऱ्यानं लोंब्या सळसळायच्या, नि हा बाबा चालता चालता म्हणायचा, "तुझ्याशी बोललं की मला खूप क्लॅरिटी येते."

"कशाची?"

"ओव्हरऑल."

आता या ओव्हरऑलचं माणसानं करायचं काय? उशाशी घेऊन झोपायचं? एकदा तिनं सरळच विचारलं, "उद्या येणार का?" तर म्हणे, "टेंटेटिव्हली, येस." एकदा तिनं अबोली माळली होती. बघत राहिला, बघतच राहिला... नि म्हणाला, "नाइस इनिशिएटिव्ह." नम्रतानं घरी येऊन गजरा काढला, नि पुन्हा माळला, नि स्वतःवरच चिडली.

अशात कल्याणचं स्थळ आलं. कापणी उरकली की रविवारी बघायला येतो, असा निरोप. मुलगा नोकरीला, माणसं बरी, नाही म्हणायला कारण नाही. कारण असायला कोणीतरी काहीतरी बोललेलं असावं लागतं.

तिनं आदेशला बांधावर गाठून सांगितलं. तो थांबला. बुटाच्या टोकानं ढेकूळ फोडत राहिला.

"ओके," तो म्हणाला. "हा जरा... अनएक्स्पेक्टेड इनपुट आहे."

"इनपुट?"

"मला थोडा वेळ दे. आपण यावर सर्कल बॅक करू."

"आदेश, गुरंसुद्धा संध्याकाळी सरळ घरी येतात रे. तू किती फेऱ्या मारणार?"

त्याला बांधावरून खाली ढकलून द्यावं, असं तिला फार वाटलं.

कापणी ऐन भरात असताना त्यानं शेवटची मीटिंग लावली. समाजमंदिरात 'नेक्स्ट स्टेप्स' सुरू झाल्या, नि बाहेर आभाळ भरून अंधारलं. सकुबाईनं नुसतं दारातून आभाळाकडं पाहिलं. कापलेलं भात सगळ्यांचं शेतात उघडं पडलं होतं. पुढच्या क्षणी समाजमंदिर रिकामं. बाया, गडी, नम्रता, तिचे वडील भगीरथ, सगळे शेतात धावले. आधी ज्याचं शेत खालच्या अंगाला त्याचं भात उचलायचं, हे कोणी कोणाला सांगितलं नाही.

पेंढ्या गोळा करताना नम्रताला शेजारी निळा शर्ट दिसला. आदेशनं भारा बांधला, गुडघा टेकून आवळला, डोक्यावर घेतला नि चालू लागला. पडवीत टाकून परत आला. पुन्हा. पुन्हा. तेवढ्या वेळात त्याच्या तोंडून एक इंग्रजी शब्द आला नाही. थेंब पडायला लागले तेव्हा भगीरथचं भात घरात होतं.

"कुठं शिकलास हे?" पडवीत धापा टाकत तिनं विचारलं.

"शिकायचं काय त्यात? सिद्धगडाच्या पायथ्याला घर आहे आमचं. भात आहे."

"कधी बोलला नाहीस."

"कंपनीत असलं कोन सांगत नाय."

नाय. त्याच्या तोंडून पहिल्यांदाच. पागोळ्या गळत होत्या. त्याच्या केसात भाताची काडी अडकली होती, ती तिनं हात लांबवून काढली. तो अगदी जवळ होता, ओल्या पेंढ्याचा वास होता, नि त्यानं तोंड उघडलं—

"नम्रता, मला असं फील होतं, की आपल्यात एक स्ट्राँग व्हॅल्यू प्रपोझिशन..."

तिनं ती काडी परत त्याच्या केसात खोचली नि आत निघून गेली.

त्यानंतर तो आला नाही. आला तो मेसेज. पायलट प्रोजेक्ट बंद झाला, बंगळूरला रोल मिळतोय, 'लेट्स स्टे कनेक्टेड'. नम्रतानं तो वाचला नि दिवसभर गिरणीत बेरजा चुकवत राहिली.

पण पाडा काही मेसेजवर चालत नाही. "त्या सिनर्जीवाल्यानं आपले भारे वाह्यले," सकुबाई भगीरथला म्हणाली. "त्याची सावड फेडायची राह्यली." भात कणगीत पडायच्या आत सावड फेडायची, ही रीत. फिटली नाही तर वर्षभर घास गोड लागत नाही. झालं. भगीरथनं कल्याणला फोन करून पाहुण्यांना एक आठवडा पुढं ढकललं, नि त्या रविवारी अख्खा पाडा पिकअपमधून मुरबाडमार्गे सिद्धगडाच्या रस्त्याला लागला. नम्रताला आईनं हाताला धरून चढवलं. "मी नाही येत" म्हणून बघितलं तिनं. "तुझे भारे नव्हते का?" आई म्हणाली.

आदेश खळ्यावर होता. लुंगी गुडघ्यावर खोचलेली, एका हातात पेंढी, कानाला फोन. "येस सर, वी आर टोटली अलाइन्ड," म्हणत असतानाच त्याला पिकअपमधून उतरणारी माणसं दिसली. फोन हळूहळू खाली आला.

आल्या आल्या पाड्यानं पाट मांडले, पेंढ्या घेतल्या, झोडणी सुरू झाली. त्याची आई राहीबाई घरात एकटीच, ती घाबरून इकडून तिकडं पाणी देत सुटली. भगीरथला लोटा देताना तिची नजर नम्रतावर थांबली. "आन् ही कोन रे?"

आदेशनं फोन लुंगीत खोचला. "ही नम्रता. आमच्या प्रोजेक्टची... की स्टेकहोल्डर."

नम्रतानं पेंढी खाली ठेवली.

"मी कोण ते तुझ्या आईला नीट सांग," ती म्हणाली. आवाज चढला नव्हता, पण आसपासचे हात थांबले. "एका वाक्यात. जमत नसेल तर राहू दे. पुढच्या रविवारी कल्याणचा येतोय, त्याला येत असेल बोलायला."

आदेशनं खाली बघितलं, गडाकडं बघितलं, शेवटी तिच्याकडं बघितलं.

"आये, मला हिच्याशी लगीन करायचंय," तो म्हणाला. मग तिला, हळू, "तसं कंपनीतलं इंग्रजी बोललं ना, तर कोन 'नाय' म्हनत नाय गो. कारन आपन काय विचारलेलंच नसतं. मला तुझ्या नाय म्हनायची भीती वाटत होती."

"नि बंगळूर?"

"नाय जात."

"त्यांना सांगितलंस?"

"नाय अजून. आता सांगतो."

राहीबाई पदर तोंडाला लावून उभी होती. सकुबाई म्हणाली, "पोरगा बोलला. आता पोरगी बोलंल तर बरं."

सगळे बघत राहिले. नि इतके दिवस सरळ बोल, सरळ बोल म्हणून जीव खाणाऱ्या नम्रताच्या तोंडून शब्द एवढासा, पण निघेना. तिनं गुपचूप पेंढी उचलली नि आदेशच्या पाटासमोर उभी राहून झोडायला लागली. तो समोरून झोडू लागला. एक तिचा घाव, एक त्याचा. बाकीचेही सुरू झाले, दाणे उडायला लागले, नि त्या आवाजात ती म्हणाली, "हो."

"काय?" आदेश म्हणाला.

"हो."

"नाय ऐकू येत."

"हो म्हटलं ना रे बहिऱ्या—"

नेमके तेव्हाच सगळे पाट थांबले होते. तिचा आवाज खळं ओलांडून पार रस्त्यापर्यंत गेला.

भगीरथनं लोटा खाली ठेवला. खिशातून फोन काढला नि खळ्याच्या कडेला जाऊन कल्याणला लावला.

"पावनं," तो म्हणाला, "येऊ नका. पोरीचं ठरलं."