मागच्या सीटवरचे डोळे

"मी ओतलं... मीच!"

ओट्यावर उभ्या मोनिकाच्या तोंडून शब्द निसटले. राधाकृष्णच्या हातातला मोबाईल अजून चालूच होता, पलीकडून वर्कशॉपचा माणूस सांगत होता, "साहेब, डिझेलच्या टाकीत पेट्रोल गेलंय. पंप, इंजेक्टर, सगळं उघडावं लागंल. घरात कुनी ओतलं का विचारा."

राधाकृष्णनं फोन बंद केला आणि बायकोकडे असं पाहिलं, की लग्नाच्या सहा वर्षांत तसं त्यानं कधी पाहिलं नव्हतं. सासूबाई कडूबाईंनी कपाळावर हात मारून घेतला. आणि सासरे, कारभारीमामा, खांबाला टेकून मान खाली घालून उभे होते. त्यांची बोटं टोपीच्या कडेवरून उगाच फिरत होती...

ती बोटं मोनिकानं सकाळीच पाहिली होती. शेडमध्ये दोन पांढरे कॅन शेजारी शेजारी असत, एक ट्रॅक्टरच्या डिझेलचा, दुसरा फवारणी पंपासाठी ऑईल मिसळून ठेवलेल्या पेट्रोलचा. मामा वाकून चाचपत होते, एक कॅन उचलत होते, ठेवत होते, पुन्हा उचलत होते... आणि शेवटी त्यांनी जो नव्या गाडीच्या टाकीत रिकामा केला, त्यातल्या ऑईल मिसळलेल्या पेट्रोलचा वेगळा रंग तिला लांबून, चुलीपासून दिसला होता. तिनं हाक मारेपर्यंत गाडी सुरू होऊन रस्त्याला लागली होती.

गावात पहिला ट्रॅक्टर ज्यांनी चालवला, चाळीस वर्षांत ज्यांच्या हातून बांधाला कधी फाळ लागला नाही, ते कारभारी! त्यांच्या मोठ्या भावाची नजर गेली तेव्हापासून तो बारा वर्षं ओसरीवर बसून होता आणि येणारे-जाणारे त्याला लहान पोरासारखं बोलत. मामा त्याच्याकडे कधी जात नसत. त्या क्षणी ती झुकलेली मान मोनिकाला बघवली नाही, एवढंच.

"पोरीला गाडी शिकवून बापानं वाट लावली," कडूबाई म्हणाल्या. "आता किल्लीला हात लावशील तर बघ!"

मोनिकाचे वडील राहुरीच्या विद्यापीठात जीपवर ड्रायव्हर होते. सतराव्या वर्षी त्यांनी तिला त्या खडखडणाऱ्या जीपवर बसवलं होतं. म्हणून ही नवी गाडी दारात आली, तेव्हा घरात सगळ्यात आधी ती तिलाच कळली. सगळ्यात खालचं मॉडेल होतं. चाकांना नुसत्या काळ्या पोलादी रिंगा, मागच्या काचा हातानं फिरवायच्या, मोठ्या पडद्याच्या जागी साधा रेडिओ. पण इंजिन! इंजिनाच्या फेऱ्यांचा काटा दीड हजाराच्या खाली असेपर्यंत गाडी मरगळून चालायची, पायाला दाद द्यायची नाही. आणि मग इंजिनाला जोर देणारा टर्बो जागा झाला की पाठीला हलकासा रेटा देऊन अशी निघायची, की वांबोरीचा घाट तिसऱ्या गिअरमध्ये गुणगुणत चढून जावा! वळणावर थोडी अंग टाकायची, क्लच लांब होता, अगदी शेवटाला धरायचा. पण खड्डे मात्र सगळे पोटात घालायची. दोन महिने मोनिका ती गाडी चालवत होती. त्या दोन महिन्यांत ती कुणाची सून, कुणाची आई, कुणाची बायको असून शिवाय आणखी कुणीतरी होती...

ते त्या दिवशी संपलं.

दुपारी मामा स्वयंपाकघराच्या दारात आले. चार वर्षांची शिवन्या मोनिकाच्या मांडीवर झोपली होती.

"पोरी," ते घोगऱ्या आवाजात म्हणाले, "तू बघितलं व्हतं ना?"

तिनं मान हलवली.

"ह्या लेकराच्या डोक्यावर हात ठिव. माज्या डोळ्यांचं कुनाला बोलणार न्हाई म्हण."

"मामा, डॉक्टरला दाखवू ना आपण..."

"हात ठिव!" आणि मग एकदम मोडल्या आवाजात, "मला ओसरीवर नका बसवू गं..."

तिनं लेकीच्या कोवळ्या केसांवर हात ठेवला. आणि शपथ घेतली.

ती शपथ म्हणजे काय, हे तिला पंधरा दिवसांनी कळलं. दुरुस्त होऊन गाडी आली आणि मामांनी जाहीर केलं, की शिवन्याला शाळेत रोज तेच सोडणार. तीन किलोमीटरचा रस्ता, दोन्ही बाजूंनी ऊस, आणि कारखाना सुरू झालेला. बोलावं, तर लेकीच्या डोक्यावरची शपथ मोडते! न बोलावं, तर तीच लेक रोज सकाळी त्या गाडीत बसते! मोनिका आतल्या आत दोन्ही भिंतींवर डोकं आपटत राहिली. दार कुठंच नव्हतं.

मग तिनं एक गोष्ट केली. रोज सकाळी ती मागच्या सीटवर जाऊन बसू लागली, आणि बोलू लागली. नुसती बडबड!

"शिवन्या, ती बघ गं डाव्या हाताला म्हैस! किती हळू चाललीये ना?" की गाडी जरा उजवीकडे सरायची.

"अगं बाई, वडाखाली ट्रॉली उभी केलीये मेल्यानं, अर्धा रस्ता अडवून!" की मामांचा पाय ब्रेकवर जायचा.

मामा ट्रॅक्टरच्या सवयीनं गाडी दुसऱ्या गिअरवरच उचलत, पाय अर्धा क्लचवर ठेवत. इंजिन कण्हत राही. तिच्या बडबडीला ते कधी काही म्हणाले नाहीत. एकदाच, शाळेच्या फाटकाशी, पाठ न वळवता पुटपुटले, "लई बोलती तू." आणि थोड्या वेळानं, "बोलत जा."

घरात मात्र तिच्या वाट्याला टोमणे आले. "किल्ली गेली तरी गाडीत बसायचा सोस काय जात न्हाई हिचा," कडूबाई शेजारणीला ऐकू जाईल असं म्हणत. "भाकरी मी थापायच्या आन महाराणी फिरायला!" राधाकृष्ण सुप्याच्या एमआयडीसीतल्या कंपनीतून दमून यायचा, जेवायचा, झोपायचा. पूर्वी तो सुट्टीच्या दिवशी किल्ली तिच्याकडे फेकून म्हणायचा, "चल ड्रायव्हर, काढ गाडी." आता तो तिच्याकडे न बघता पाणी मागायचा. ती ओठांपर्यंत आलेलं सगळं गिळायची... असं एक वर्ष गेलं.

तो गुरुवार होता. राधाकृष्णची सुट्टी. पाहुणे यायचे होते.

"आज कुटं जायाचं न्हाई," कडूबाईंनी पिठाची परात तिच्यापुढं सरकवली. "एक दिवस न्हाई मिरवलं तर मरत न्हाईस."

"आत्या, आज जाऊ द्या, उद्यापासून..."

"बस खाली!"

मोनिका बसली. हात कोपरापर्यंत पिठात. बाहेर गाडीचं दार लागल्याचा आवाज आला, मग इंजिन सुरू झालं. तिनं खिडकीच्या गजांतून पाहिलं, आणि ती ताडकन उठली!

शिवन्या गाडीत नव्हती. बाहेरूनच दार लावून ती पळत पुढं आली होती. तिची पाण्याची बाटली हातातून निसटून बंपरच्या पुढं पडली होती आणि ती वाकून, उंच बॉनेटच्या कडेला, ती उचलत होती.

"मामा! थांबा!"

काचा बंद. एसी चालू. मामा समोर रस्त्याकडे बघत होते. गाडी किंचित पुढं सरकली...

"मामा!!" तिनं पिठाच्या हातांनी गज धरून हलवले. ती ओरडत होती, गाडी हलत होती, आणि मधे लोखंडाचे ते पाच गज...

अंगणातून रस्त्याला चढ होता. गिअर दुसरा, काटा तळाशी, टर्बो झोपलेला. गाडीनं एक हिसका दिला, ठणठण आवाज केला, आणि बंद पडली. शिवन्याच्या पाठीपासून वीतभर अंतरावर.

त्या शांततेत मोनिकाची किंकाळी साऱ्या घरानं ऐकली.

"मामांना दिसत नाही हो! त्यांना दिसत नाही!"

राधाकृष्ण टॉवेलवरच धावत आला. मामा गाडीतून उतरले. "काय झालं? पोर कुटंय? शिवन्या कुटंय?" असं म्हणत ते बॉनेट चाचपत निघाले. पोर त्यांच्यापासून तीन हातांवर, बाटली छातीशी धरून उभी होती. ते तिच्या बाजूनं पुढं गेले. तिला न पाहता! राधाकृष्णनं ते पाहिलं आणि तो जागच्या जागी थिजला.

"आबा, मी इथंय ना," शिवन्या म्हणाली.

मामा मटकन मातीत बसले.

"तुला माहीत होतं?" राधाकृष्ण अंगणात धावत आलेल्या मोनिकाकडे वळला. "वर्षभर माहीत होतं, आणि माझ्या लेकीला तू रोज..."

"मी रोज मागं बसत होते, अहो! एक दिवस चुकवला नाही... आज पहिल्यांदा... माझं चुकलं. मी बोलायला हवं होतं. तिच्या डोक्याची शपथ होती, मी भ्याले..."

"तिला काय बोलू नको, राध्या." मातीतूनच मामा म्हणाले. "शपथ म्या घातली. आन ते पेट्रोलबी म्याच वतलं व्हतं. हिनं आपल्या अंगावर घेतलं. मी बाप्या माणूस, पोरीच्या आड लपून बसलो... वर्षभर!"

कडूबाई उंबऱ्यातच बसल्या. त्यांनी पदर तोंडात घेतला. मग उठल्या, ओल्या फडक्यानं सुनेचे पिठाचे हात एकेक बोट धरून पुसू लागल्या. "लई बोलले गं तुला म्या..." एवढंच त्यांच्या तोंडून निघालं.

राधाकृष्णनं गाडीतली किल्ली काढली. बायकोपुढं आला, तेव्हा त्याचे डोळे भरले होते. "माझे हात कापतायत," तो म्हणाला. "नगरला डॉक्टरकडे न्यायचंय. तू चालव."

पाहुण्यांना फोन करून नको सांगितलं, आणि सगळं घर गाडीत बसलं.

डॉक्टरीणबाईंनी बराच वेळ तपासलं. काचबिंदू होता. कडेचं दिसणं आधी जातं, म्हणून माणसाला कळत नाही, त्या म्हणाल्या. गेलेली नजर परत येत नाही. आता थेंब घालून उरलेली टिकवायची.

"वर्षभर आधी आणलं असतं, तर..."

मोनिकानं पदर डोळ्यांना लावला. वर्षभर! ज्या मायेपोटी तिनं खोटं बोलून मामांचा मान वाचवला, त्या मायेनंच त्यांची नजर खाल्ली होती...

मामांनी अंदाजानं हात पुढं केला. तो तिच्या खांद्यावर नीट पडला. "आता तू रडू नको," ते म्हणाले. "मी काय ओसरीवर बसणार न्हाई. तू नेशील तिकडं येईन."

परतताना घाटमाथ्यावर त्यांनी गाडी थांबवायला सांगितली. समोर डोंगरांपलीकडे दुपार पांढरी पडली होती. ते उतरले आणि शिवन्याला मागितलं.

"उजेडाकडं तोंड कर तिचं. आशी, बरोबर माज्या समोर."

मोनिकानं लेकीला कडेवर घेऊन त्यांच्या समोर धरलं. उरलेल्या नजरेच्या त्या लहानशा गोलात मामांनी तिला थोडं थोडं पाहिलं... आधी कपाळ, मग भुवया, मग नाक. पोर हसू दाबत होती. त्यांनी मान हळूहळू खाली नेली आणि थांबले.

"हनुवटी तुजी हाय की गं, मोनिका," ते म्हणाले. "म्या आजवर बघितलंच न्हाई."

लग्न होऊन आल्यापासून त्यांनी तिला नावानं हाक मारल्याचं तिला आठवत नव्हतं. तिनं लेकीला आणखी थोडं वर उचलून धरलं.